जुन्या पिकअपचा हौदा बसवताना

(रत्नागिरी येथे जुन्या गाड्यांचे मालक, गॅरेजवाले आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, जुन्या पिकअपचे काम जिथे चालू असते तिथे इंजिनाभोवती चारजण उभे असतात, रंगाच्या छटेवरून आणखी दोघांचा वाद चाललेला असतो, आणि हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, मात्र मागच्या आवारात उलटा पडलेला असतो. ‘हौद्याचे काय, बोल्ट मारले की बसला,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. त्या वाक्याचे परिणाम पुढे दिसतात: फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे उघडणारे दार, एका बाजूने लागतो आणि दुसऱ्या बाजूने ओढून लावावा लागतो, घाटातल्या वळणावर हौद्याचा पुढचा कोपरा केबिनच्या पाठीला घासतो आणि तिथला रंग उडतो. कोरड्या मुलखात उडालेला रंग वर्षभर तसाच राहिला तरी फारसे बिघडत नाही; आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि वर खारा वारा असल्यामुळे पहिल्याच आगोटीनंतर तिथे भोक पाडण्याइतका गंज जमू लागतो.

माझे सांगणे एवढेच आहे की हौद्याची जागा हौद्याकडे पाहून ठरत नाही. ती चासी ठरवते, पाटे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) ठरवतात आणि केबिन ठरवते. हौदा शेवटी चढतो हे खरे, पण तो चुकीचा बसला असे जेव्हा वाटते तेव्हा दहापैकी आठ वेळा चूक त्याच्या खाली असते.

आधी आपल्यासमोर कोणता हौदा आहे ते पाहावे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती बंद केली. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला प्रीमियरने डॉज आणि फार्गो, तर माझगावला महिंद्राने विलीज जीप जुळवायला घेतली. या गाड्यांपैकी काही कारखान्यातल्या पोलादी हौद्यासह रस्त्यावर आल्या, पण पुष्कळशा व्यापारी गाड्या नुसत्या चासीवर विकल्या जात आणि मागचा सांगाडा स्थानिक सुतार व लोहार बांधून देत. म्हणून हौदा लाकडी आणि ओबडधोबड आहे एवढ्यावरून तो ‘मूळचा नाही’ असे म्हणून फेकून देऊ नये. कारखान्याच्या हौद्याला चासीवरच्या मूळ भोकांची साक्ष असते. सुताराने बांधलेल्या हौद्याला ती नसते आणि तिथे मोजमाप उतरवण्यापूर्वीच घ्यावे लागते. दोन्ही बाबतींत सुटे करण्याआधी केबिन आणि हौदा यांमधली फट वर, मध्ये आणि खाली, डावीकडे आणि उजवीकडे मोजून वहीत लिहावी, आणि प्रत्येक बोल्टाखालून निघालेले पॅकिंग त्याच बोल्टाच्या नावाने चिठ्ठी बांधून ठेवावे. पन्नास वर्षे दबलेला रबराचा तो चपटा तुकडा कचरा वाटतो, पण त्याची जाडी हीच त्या कोपऱ्याची उंची असते.

आता चासी. या गाड्यांची चासी म्हणजे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळवलेल्या दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. खड्ड्यात एक चाक गेले की ती थोडी पिळवटते, आणि तशी पिळवटावी अशीच तिची रचना आहे. केबिन रबरी गाद्यांवर बसवलेली असल्यामुळे ती त्या पिळापासून काही अंशी अलिप्त राहते. हौदा मात्र चासीबरोबर हलतो. म्हणजे गाडी चालू असताना केबिन आणि हौदा एकमेकांच्या सापेक्ष सतत सरकत असतात आणि मधली फट ही त्या सरकण्याची जागा आहे. या काळातल्या बहुतेक पिकअपमध्ये ती साधारण पाऊण ते एक इंच असते. ‘फट दिसायला वाईट दिसते’ म्हणून ती जवळजवळ मिटवून टाकणारे हौशी मालक मला भेटले आहेत; कुंभार्ली किंवा आंबा घाट एकदा भरल्या हौद्याने उतरला की ती हौस फिटते.

मोजायला सुरुवात करताना आपल्या गॅरेजांच्या जमिनीवर विश्वास ठेवू नये, कारण पावसाचे पाणी निघून जावे म्हणून ती मुद्दाम उताराची केलेली असते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्यावी आणि चासीवरच्या चार सारख्या जागा एका पातळीत येईपर्यंत चाकांखाली फळ्या सारून घ्याव्यात. गाडी स्टँडवर उचलून हे काम करणे चूक आहे. वजन चाकांवर आणि पाट्यांवरच हवे, कारण मडगार्ड आणि चाक यांच्यातली जागा पाटे दबलेल्या स्थितीतच खरी असते. मग चासीवरच्या समोरासमोरच्या भोकांमधून दोन्ही कर्ण मोजावेत. तीन-चार मिलीमीटरचा फरक जुन्या चासीत चालवून घेता येतो. दहा मिलीमीटर दिसला तर हौद्याचे काम थांबवून चासी आधी सरळ करून घ्यावी.

त्यानंतर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. १९४७ ते १९५४ च्या शेवरोले ३१०० पिकअपचे उदाहरण घेतले तर ते ११६ इंच, म्हणजे सुमारे २९४६ मिलीमीटर, भरायला हवे आणि दोन्ही बाजूंना तितकेच भरायला हवे. एका बाजूला कमी भरले तर पाटे जुळवून धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला किंवा अ‍ॅक्सल आपल्या जागेवरून सरकलेला असण्याची शक्यता मोठी असते. इथे जो मोह होतो तो फार जुना आहे: चाक मडगार्डच्या मधोमध दिसत नाही, मग हौदाच अर्धा इंच मागे ओढायचा. ज्या हौद्यांना मडगार्ड बाहेरून जोडलेले असतात, त्यांत हौदा ओढला की मडगार्डही येतो आणि डोळ्याला सगळे ठीक दिसते. अ‍ॅक्सल मात्र वाकडाच राहतो, गाडी एका बाजूला ओढत राहते आणि टायर झिजतात.

केबिन नव्या रबरांवर बसवून, दारे बरोबर लागतात हे पाहून, तिचे बोल्ट आवळून झाल्याशिवाय हौदा चढवू नये. नवे रबर जुन्यापेक्षा जाड असते. हौदा आधी बसवला आणि केबिनची रबरे मागाहून बदलली तर केबिन उचलली जाते, थोडी कलते आणि फट वर-खाली सारखी राहत नाही. नंतर हौद्याला पॅकिंग घालून ती सारखी करण्याची धडपड म्हणजे एका चुकीला दुसरीचा टेकू.

हौदा चढवला की सगळे बोल्ट हाताने फिरतील इतकेच लावावेत. बाजूच्या भिंती, पुढची भिंत, खालचे आडवे आधार, मडगार्ड, सगळेच सैल. आता फाळका लावावा. पुष्कळ लोक फाळका रंगवून, साखळ्या चढवून सर्वांत शेवटी लावतात. मी तो पहिल्या दिवशी लावायला सांगतो, कारण हौदा चौकोनी बसला आहे की नाही हे गुण्यापेक्षा, म्हणजे सुताराच्या काटकोनी मापापेक्षा, तो चांगले सांगतो. फाळक्याच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत सारखी फट आली की मग बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने, आवळावेत. एखादा बोल्ट आवळताना फाळक्याची फट बदलली, तर त्या बोल्टाखाली पॅकिंग कमी आहे आणि आपण पोलाद वाकवून पोकळी भरतो आहोत. कुडाळजवळच्या एका गॅरेजात मी हे पाहिले: मागचा उजवा बोल्ट पाऊण फेरा फिरवला की फाळक्याची वरची फट डोळ्यादेखत मिटायची. आडव्या आधाराची खालची बाजू गंजाने तिथेच पातळ झाली होती. तीन मिलीमीटरची पट्टी घालताच तोच बोल्ट पूर्ण आवळला तरी फाळका हलला नाही.

लाकडाच्या तळाबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण किनाऱ्यावरची खरी अडचण तिथे आहे. कारखान्याच्या लाकडी तळात फळ्यांच्या कडांना खाच असते, दोन फळ्यांमध्ये फट ठेवलेली असते आणि तिच्यावर पोलादी पट्टी बसते. गोल डोक्याचे, मानेशी चौकोनी असलेले बोल्ट त्या पट्टीतून आणि फटीतून खाली जातात. फळीला भोक नसते, ती पट्टीखाली दबून राहते आणि रुंदीत मोकळी असते. सागवान ओल्या स्थितीतून पूर्ण वाळेपर्यंत खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या लाकडाच्या ओलाव्यात सहा टक्क्यांचा फरक धरला, तर १५० मिलीमीटर रुंदीची साधी चिरलेली फळी जवळजवळ दोन मिलीमीटर हलते आणि वर्तुळे जाडीला उभी येतील अशी चिरलेली फळी एक मिलीमीटरही हलत नाही. आठ फळ्यांचा तळ मे महिन्यात कडेला कडा लावून ठोकला, तर जुलैत त्याला पंधरा मिलीमीटर जागा हवी असते आणि ती न मिळाल्यामुळे तो बाजूच्या भिंती बाहेर ढकलतो. मग लोक म्हणतात, फाळका अडकायला लागला. खाचेची खोली आणि पट्टीची रुंदी एवढी हवी की फळी आकसली तरी पट्टीबाहेर येऊ नये. तेल किंवा वॉर्निश चारी बाजूंना, आणि विशेषतः टोकांना, लावावे; फक्त वरच्या बाजूला लावलेली फळी खालून ओलावा घेते आणि वाकते.

बोल्टांबाबत स्टेनलेसचा फार आग्रह दिसतो. बोल्ट चकाकत राहतो हे खरे, पण खाऱ्या ओलाव्यात तो साध्या पोलादाला चिकटला आणि भोकाच्या काठाचा रंग उडाला, की गंजण्याचे काम त्या काठावर येते. स्टेनलेस वापरायचाच असेल तर नायलॉनचे वायसर आणि भोकाच्या आतल्या कडेलाही इपॉक्सी प्रायमर हवा. माझी पसंती जस्तात बुडवून मुलामा दिलेल्या बोल्टांना आहे. त्यांचा थर जाड असल्यामुळे नटही त्याच जातीचे, थोडे मोकळे आटे पाडलेले घ्यावे लागतात. चासी आणि हौदा यांच्यामध्ये स्पंज, गोणपाट किंवा वाकळेचा तुकडा कधीही घालू नये. आवाज बंद होतो, पण मासळीच्या बर्फाचे पाणी एकदा त्यात शिरले की ते वर्षभर तिथेच राहते.

सुताराने बांधलेला हौदा बहुधा चासीवर टाकलेल्या लांब लाकडी ओंडक्यांवर बसतो आणि यू बोल्टांनी बांधलेला असतो. यू बोल्ट उघड्या चासीवरून आवळला तर तिच्या कडा आत वाकतात, म्हणून त्या जागी चासीच्या पोकळीत लाकडाचा किंवा पोलादाचा ठोकळा ठोकून बसवावा. सायलेन्सरच्या नळीजवळ तो लाकडाचा नको. चासीच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या कडेला नवे भोक पाडणे मात्र टाळावे, कारण वाकण्याचा सर्वांत जास्त ताण त्या कडांवर येतो. आणखीही एक कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, अव्यापारी वापराच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नसलेल्या गाड्याच तिच्यात बसतात.

रंग चढल्यावर मागचे दिवे मंद पेटतात ही तक्रार हटकून येते. रबरावर बसवलेल्या, सगळीकडून रंगवलेल्या हौद्याला चासीचे अर्थिंग नीट मिळत नाही. एक जाड वायर हौद्यापासून चासीपर्यंत, रंग खरवडलेल्या जागी वायसर लावून, आधीच ओढावी आणि त्या जागेवर ग्रीस चोपडावे. इंधनाच्या टाकीचे तोंड हौद्याच्या बाजूने बाहेर येत असेल, तर त्या भोकात नळी मध्यभागी येते का तेही बोल्ट सैल असतानाच पाहावे.

पहिल्यांदा ओझे भरून गाडी फिरवून आणली की सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. लाकडी ओंडके दबतात, त्यामुळे यू बोल्ट हमखास सैल होतात. पुढची तपासणी दिवाळीच्या सुमारास, लाकूड सुकायला लागल्यावर करावी आणि तेव्हाही पाना लावण्याआधी फाळका एकदा उघडून मिटून पाहावा.