सदतीसच्या भावाची घोडी

नमस्कार श्रोतेहो.

३ ऑक्टोबर १९९३, रविवारची दुपार. पॅरिसच्या लाँगशां रेसकोर्सवर प्री द लार्क द त्रिओंफ ही शर्यत होती. अंतर २४०० मीटर, घोडे २३. युरोपातले घोडेवाले वर्षभर या एका दुपारकडे डोळे लावून बसतात. त्या तेवीस जणांत तांबूस रंगाची, चार वर्षांची एक फिली होती. फिली म्हणजे तरुण घोडी. तिच्यावर लावायला कुणी फारसे पैसे काढले नव्हते. भाव होता सदतीसला एक, म्हणजे ती जिंकली तर एकाला सदतीस. तिचा ट्रेनर ज्याँ लेस्बोर्द, मालक हाँगकाँगचे त्सुई कुटुंब, आणि पाठीवर एरिक सँ-मार्तँ. या एरिकच्या वडिलांनी, इव्ह सँ-मार्तँ यांनी, हीच शर्यत चार वेळा जिंकलेली. शेवटच्या टप्प्यात व्हाइट मझल नावाचा घोडा तिच्या अंगावर आला, पण ती मान पुढे ठेवून जिंकली. घोडेवाल्यांच्या भाषेत 'एका मानेनं'. तिसरा आला ऑपेरा हाऊस. ही घोडी म्हणजे अर्बन सी.

आज मला तिच्याबद्दल बोलायचं आहे. मी पशुवैद्य. सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात झाली, तीही बहुतेक गाई-म्हशींत आणि शेळ्यांत. घोडे माझ्या वाट्याला आले ते अलिबागच्या गाडीचे. ओहोटीला समुद्र मागे सरला की पाण्यातून, ओल्या वाळूवरून कुलाबा किल्ल्यात माणसं नेतात, ते. पण रेसच्या घोड्यांचं वेड मला लहानपणापासून, आणि ते लावलं थोरल्या काकांनी. काका मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर साईस होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. गणपतीला गावी आले की पडवीत बसून आम्हा मुलांना घोड्यांच्या गोष्टी सांगायचे. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली, ती प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या फिलीनं जिंकली, हे मला शाळेच्या पुस्तकाआधी काकांकडून कळलं. ते म्हणायचे, तबेल्यात नवा घोडा आला की मालक, ट्रेनर, पैसे लावणारे सगळे विचारतात, बाप कोण? साईस विचारतो, आई कोण? कारण रात्री त्याच्याजवळ साईसला झोपायचं असतं. दाणा टाकणाऱ्या आईचं शिंगरू दाणा टाकतं, आणि अंगाला हात लावू न देणाऱ्या आईचं शिंगरू खरारा करताना लाथ मारतं. हे काकांचं शास्त्र. मी पदवी घेतली, तरी ते मला खोडून काढावंसं कधी वाटलं नाही.

अर्बन सीची आई आलेग्रेटा. ही जर्मनीतल्या श्लेंडरहान या जुन्या स्टड फार्मची, म्हणजे घोड्यांची पैदास करतात त्या जागेची. तिची आई आनाटेव्का. दोन्ही नावं 'आ'वरून सुरू होतात, आणि तो योगायोग नाही. जर्मनीत शिंगराचं नाव आईच्या नावाच्या आद्याक्षरावरून ठेवायची रीत आहे. बाप कुठलाही असो, अक्षर आईचं. म्हणजे नुसतं नाव ऐकून जाणत्याला आजीपणजीपर्यंत पोचता येतं. आलेग्रेटा स्वतः रेसमध्ये फारशी चमकली नाही. तिला इंग्लंडमध्ये पळवली, मग विकली, ती गेली अमेरिकेत. तिथे केंटकीत १९८९ साली मिसवाकी या घोड्यापासून तिला अर्बन सी झाली. पुढे ही फिली फ्रान्समध्ये पळायला आली. चोवीस शर्यती, आठ विजय. आठातला एक तो, लाँगशांचा. त्याआधीच्या पराभवांमुळेच तर भाव सदतीस झाला होता.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी आज मायक्रोफोनसमोर आलो नसतो. मोठी शर्यत एकदाच जिंकलेल्या घोड्या जगात पुष्कळ. खरी गोष्ट पुढची.

आपण आंब्याची माणसं, म्हणून आंब्यातूनच सांगतो. हापूसचं कलम बांधलं की तो हापूसच येतो. कोय लावली तर रायवळ उगवतो. गोड निघेल, आंबट निघेल, धागेदार निघेल, आणि फळ धरेपर्यंत कळत नाही. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यात कलम नाही. कृत्रिम रेतन चालत नाही, क्लोन चालत नाही. नर आणि मादी प्रत्यक्ष एकत्र यायलाच हवीत, नाहीतर त्या शिंगराची वंशनोंद होत नाही. म्हणजे जगातला प्रत्येक रेसचा घोडा कोयीचा आहे. आणि कोय म्हणायची तर ती घोडीच. वळू घोडा एका हंगामात शंभर-दीडशे माद्यांना लागतो. घोडीला अकरा महिने पोट वागवावं लागतं, वर्षाला एकच शिंगरू. साऱ्या आयुष्यात दहा-बारा. नर शंभरांतली नव्वद शिंगरं वाया घालवूनही मोठा ठरू शकतो. घोडीला तशी सूट नाही.

आता अर्बन सीचा गोतावळा ऐका. १९९६चा अर्बन ओशन, चांगल्या दर्जाच्या शर्यतीचा विजेता. १९९७ची मेलिका, ओक्स या इंग्लंडातल्या एप्समच्या फिलींच्या मोठ्या शर्यतीत तिसरी. १९९८चा गॅलिलिओ, सॅडलर्स वेल्सपासूनचा. त्यानं २००१ साली इंग्लंडची डर्बी, आयरिश डर्बी आणि किंग जॉर्ज या तिन्ही शर्यती जिंकल्या. त्याच्या पाठचा सख्खा भाऊ ब्लॅक सॅम बेलामी, सर्वोच्च दर्जाच्या दोन शर्यतींचा धनी. सख्खी बहीण ऑल टू ब्यूटिफुल, ओक्समध्ये दुसरी. माय टायफून अमेरिकेत जिंकली. आणि २००६चा, केप क्रॉसपासूनचा, सी द स्टार्स.

सी द स्टार्सबद्दल जरा थांबून सांगायला हवं. २००९च्या मे महिन्यात त्यानं टू थाउजंड गिनीज जिंकली, जूनमध्ये डर्बी, जुलैमध्ये एक्लिप्स, ऑगस्टमध्ये यॉर्कला, सप्टेंबरमध्ये आयर्लंडला, आणि ऑक्टोबरमध्ये लाँगशांला, आईनं सोळा वर्षांपूर्वी जिंकलेली तीच शर्यत. सहा महिने, सहा सर्वोच्च दर्जाच्या शर्यती, दर महिन्याला एक. जॉकी मिक किनेन. लाँगशांला तो आतल्या कठड्याजवळ घोड्यांच्या गर्दीत अडकला होता. मग फट सापडली आणि तो त्यातून निसटला. ही शर्यत जिंकलेल्या घोडीच्या पोरानं तीच शर्यत जिंकणं याआधी एकदाच झालं होतं. १९८०ची विजेती डेट्रॉइट आणि १९९४चा तिचा कार्नेगी.

पण सी द स्टार्सचं हे वर्ष आईनं पाहिलं नाही. माणसाच्या भाषेत 'पाहिलं' म्हणतो, इतकंच. मार्च २००९मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय स्टड फार्मवर ती शेवटची व्याली. शिंगरू नर, इन्व्हिन्सिबल स्पिरिटपासूनचं. त्यानंतर आतल्या आत रक्तस्राव होऊन ती गेली. वीस वर्षांची होती. दोन महिन्यांनी तिच्या मुलानं गिनीज जिंकली. ते पोरकं शिंगरू मोठं झालं, बॉर्न टू सी नावानं धावलं आणि आयरिश डर्बीत दुसरं आलं.

ही बातमी मी इंटरनेटवर वाचली तेव्हा माझे हात गार पडले होते. कारण ते मरण मला ठाऊक होतं.

वय झालेल्या घोडीत विताना गर्भाशयाजवळची मोठी रक्तवाहिनी फुटू शकते. शिंगरू सुखरूप बाहेर येतं, वारही पडते, सगळे खूश होतात. मग घोडीला घाम सुटतो. पोटशूळ उठल्यासारखी ती वळून पोटाकडे बघते. हिरड्या पांढऱ्या पडतात, कान थंडगार. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही. १९९८ साली अलिबागमध्ये एका गाडीवाल्यानं मला पहाटे उठवून नेलं. घोडी सोळाएक वर्षांची, नाव राणी. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत गाडीला होती. मी हिरड्या पाहिल्या आणि समजलो. अशा वेळी करण्यासारखं फार थोडं असतं. घोडीला हलवायचं नाही, घाबरवायचं नाही, अंधारात शांत ठेवायचं. रक्त आतल्या पडद्यात कोंडून आपोआप थांबलं तर वाचते. मी कंदील विझवायला सांगितला. गाडीवाला तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. एक गोष्ट मात्र मला करता आली. ती उभी असतानाच, अगदी हलक्या हातानं, मी तिचा चीक काढून घेतला. शिंगराला पहिल्या काही तासांत आईचा चीक मिळाला नाही तर ते रोगाला तोंड देऊ शकत नाही. उजाडायच्या आत राणी गेली. मोठ्या फार्मवर अशा शिंगराला दाई घोडी लावतात. आमच्याकडे कुठली? गाईच्या दुधात पाणी आणि साखर घालून, दर दोन तासांनी, गाडीवाल्याच्या घरातल्या बायकांनी ते शिंगरू जगवलं. फिलीच होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदणी.

गॅलिलिओही १९९८चाच. हे मला खूप नंतर लक्षात आलं.

तो पुढे वळू म्हणून आयर्लंडच्या कूलमोर स्टड फार्मवर उभा राहिला आणि ब्रिटन-आयर्लंडमध्ये बारा वेळा पहिल्या क्रमांकाचा पिता ठरला, म्हणजे त्या त्या वर्षी बक्षिसांची सर्वांत जास्त रक्कम त्याच्याच पोरांनी मिळवली. फ्रँकेल त्याचाच मुलगा. चौदा शर्यती धावला, चौदाही जिंकला. लाँगशांची ती मोठी शर्यत २०१६ साली शांतियीला झाली, तिच्यात पहिला, दुसरा आणि तिसरा, तिघंही गॅलिलिओची. २०२१ साली गॅलिलिओ गेला तेव्हा त्याच्या पोरांनी एप्समची डर्बी पाच वेळा जिंकलेली होती. २०१८चा डर्बी विजेता मसार तर ऐकण्यासारखा आहे. त्याच्या बापाचा बाप गॅलिलिओ, आणि त्याच्या आईची पणजी तीच अर्बन सी, मेलिकाकडून. बापाकडून आणि आईकडूनही तीच. आपल्याकडे आते-मामे नात्यातलं लग्न झालं की म्हाताऱ्या बायका म्हणतात, घरातलं घरात राहिलं. तसं.

आणि तरीही कागदावर घराणं लिहिताना 'गॅलिलिओचा मुलगा', 'सॅडलर्स वेल्सचा नातू' असंच चालतं. थरोब्रेडची सगळी पितृवंशाची झाडं तीन नरांपाशी थांबतात, त्यातला एक डार्ली अरेबियन, १७०४ साली अलेप्पोहून इंग्लंडला नेलेला. खुद्द अरबांत मात्र घोड्याचं कूळ आईकडून मोजत. ते घोडे विकत, घोडी सहसा हातची सोडत नसत. आपल्या चौल-दाभोळच्या बंदरांत शेकडो वर्षं अरबी घोडे उतरले. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, तोही विकायला एक घोडा घेऊनच. रेवदंड्याला त्याचा स्मृतिस्तंभ आहे, तिथून जाताना मी थांबतो. त्याच्या घोड्याचं काय झालं हे त्यानं लिहून ठेवलंय. जुन्नरच्या खानानं तो काढून घेतला होता, मग परत मिळाला. त्या घोड्याच्या आईचा उल्लेख मात्र कुठे नाही.

म्हणून गेली काही वर्षं मी एक वही ठेवतो. किनाऱ्यावर गाडीला असलेल्या घोड्यांची. गाडीवाल्याला विचारतो, हिची आई कोण? पुष्कळदा उत्तर येतं, बाजारातून आणली. गाभण घोडीला शेवटचे तीन महिने गाडी लावू नका, एवढं सांगतो. काही ऐकतात. हंगाम असला, मुंबईची गर्दी असली की काही ऐकत नाहीत, आणि त्यांच्या घरची चूल मी पाहिलेली आहे, म्हणून रागावताना माझा आवाज चढत नाही. पण पुन्हा सांगतो, आज रेडिओवरून सांगतो: शेवटचे तीन महिने नको. आणि सोळा वर्षांच्या घोडीला गाभण घालू नका.

वहीचं पहिलं पान असं आहे. बिजली, जन्म २००७, आई चांदणी. चांदणी, जन्म १९९८, आई राणी. राणी, माथेरानहून विकत आणलेली, आई माहीत नाही. माथेरानला घोडेवाल्यांची जुनी माणसं अजून आहेत. १९८२च्या आसपास जन्मलेली, डाव्या मागच्या पायाला पांढरा मोजा असलेली घोडी कुणी खाली अलिबागला विकल्याचं त्यांतल्या कुणाला आठवत असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर मला एक कार्ड टाका. ती रिकामी जागा मी पेन्सिलनं आखून ठेवली आहे.

नमस्कार.