काँक्रीटचा ओटा आणि आपला आंबट स्वयंपाक

नमस्कार श्रोतेहो.

कडप्पा आणि ग्रॅनाइट सोडून हल्ली बरीच मंडळी स्वयंपाकघरात काँक्रीटचा ओटा करून घेऊ लागली आहेत. राखाडी रंग, हवा तसा आकार, मध्ये सांधा नाही, दिसतो छानच. चौकशीला गेलं की पहिला प्रश्न असतो, "स्क्वेअर फुटाला किती?" खरं तर आधी विचारायला हवं, "वरून सीलर कोणता लावणार?" सीलर म्हणजे पाणी, तेल, डाग आत जाऊ नयेत म्हणून काँक्रीटला लावायचं रसायन.

याचं कारण आपल्या जेवणात आहे. काँक्रीटमध्ये चुना असतो, आणि आंबट पदार्थ चुना विरघळवतात. लिंबाची फोड ओट्यावर उपडी राहिली, चिंचेचा कोळ सांडला, आमसुलाच्या वाटीखाली ओघळ राहिला, की काही मिनिटांत तिथे फिकट, खरखरीत खूण उमटते. तिला डाग म्हणून घासत बसण्यात अर्थ नाही, कारण तिथला पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. तो पुन्हा पॉलिशच करावा लागतो.

हळदीचा प्रकार वेगळा. नव्या, नीट सील न केलेल्या काँक्रीटवर ओली हळद पिवळी राहत नाही, लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही क्रिया. ओट्यावर असा लाल ठिपका दिसला, तर सीलर तिथे पुरता बसलेला नाही हे नक्की समजा.

सीलर मुख्यतः दोन जातींचे. एक आत मुरणारा, सिलेन किंवा सिलॉक्सेन या रसायनांचा. तो पाणी झटकतो, वर थर दिसत नाही, काँक्रीटचा मूळ पोत तसाच राहतो. पण तेलापुढे तो कमी पडतो आणि लिंबापुढे जवळजवळ निरुपयोगी. दुसरा वर पातळ थर धरणारा. त्यात ॲक्रिलिक स्वस्त, पण लवकर ओरखडतं आणि गरम भांड्याखाली मऊ पडतं. इपॉक्सी टणक, पण खिडकीतल्या उन्हाने पिवळं पडतं. रोज फोडणी होणाऱ्या घरात दोन घटकांचं पॉलियुरेथेन घ्यावं असं आमचं मत आहे. त्यालाही ओरखडे पडतात, पण आंबट आणि हळद ते चांगलं अडवतं. अन्नाच्या संपर्कासाठी चालतं का, हे डब्यावर किंवा माहितीपत्रकावर लिहिलेलं बघून घ्या.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. फूटभर लांबी-रुंदीचा नमुना मागा. माल तोच, सीलरही तोच. त्यावर लिंबाचा रस, हळद कालवलेलं तेल, चहा आणि कोकमाचं आगळ असे चार ठिपके रात्री टाका. वर वाट्या उपड्या घाला. लिंबू अर्ध्या तासाने पुसा, बाकीचे सकाळी. जी खूण साबणाने जात नाही, ती तुमच्या ओट्यावरही पडणार आहे.

आता 'काँक्रीटचा ओटा' म्हणून काय विकलं जातं ते पाहू. सलग ओतलेला, साधारण 40 मिलिमीटर जाडीचा, हा एक. आठ फूट लांब, दोन फूट रुंद ओटा घेतला तर त्याचं वजन 140 किलोच्या पुढे जातं. तो विटांच्या भिंतीवर किंवा कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर बसवायचा, नुसत्या प्लायच्या कपाटांवर नको. दुसरा काचेच्या धाग्यांचा, 20 ते 25 मिलिमीटरचा, वजनाला बराच हलका. त्यातले धागे अल्कली सोसणारे हवेत. साधे काचधागे सिमेंटमध्ये हळूहळू कमजोर होतात. तिसरा म्हणजे जुन्या ओट्यावर दोन-तीन मिलिमीटर मायक्रोसिमेंटचा, म्हणजे बारीक सिमेंटच्या मिश्रणाचा लेप. खालचा ग्रॅनाइट घट्ट असेल तर हा चालतो. प्लायवर मात्र करू नका. सिंकजवळ प्लाय फुगलं की लेप तडकतो.

घरी ओतून घेणार असाल तर गवंडीकामावर स्वतः उभे राहा. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला सगळं मिळून 20 लिटर पाणी, त्याहून जास्त नाही. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच धरायचं. माल पसरायला जड जातो म्हणून मिस्त्री हमखास आणखी बादलीभर पाणी ओततो. जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे सूक्ष्म छिद्रं ठेवतं. तेल आणि हळद पुढे जाऊन बसतात ती याच छिद्रांत. माल सैल हवा असेल तर सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे जादा पाण्याशिवाय माल सैल करणारं रसायन घाला. मात्रा डब्यावर लिहिलेली असते, अंदाजाने ओतायची नसते. खडी 10 मिलिमीटरच्या आतली, वाळू धुतलेली. रंग हवा असेल तर आयर्न ऑक्साइडचा, सिमेंटच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के, आणि तो कालवलेल्या मालाच्या प्रत्येक घाणीला वजन करूनच घालायचा, नाहीतर ओट्यावर पट्टे उमटतात.

पहिला तडा जातो तो सिंकच्या कोपऱ्यातून. चौकोनी कापलेल्या कोपऱ्यावर सगळा ताण एकवटतो. म्हणून साच्यातच कोपरे गोल ठेवा, आणि काँक्रीटच्या आत घालायच्या लोखंडी जाळीखेरीज प्रत्येक कोपऱ्याला एक बारीक सळई तिरकी टाका. जाळी जाडीच्या मधोमध राहिली पाहिजे. वर आली की तिच्या रेघा पृष्ठभागावर दिसतात.

ओपीसी म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर किमान सात दिवस, पीपीसी म्हणजे राख वगैरे मिसळलेलं पोझोलाना सिमेंट असेल तर दहा दिवस ओटा ओला राहायला हवा. गोणपाट टाकू नका, त्याचा तपकिरी रंग उतरतो. पाणी मारून प्लास्टिक अंथरा, पण सुरकुत्या न ठेवता. सुरकुतीखाली काँक्रीटचा रंग वेगळा होतो. पुढे डायमंड पॅडने ओलं पॉलिश, 50 नंबरपासून 400 पर्यंत. त्याहून जास्त चकाकी आणली की सीलरला धरायला जागा उरत नाही. मधल्या टप्प्यात पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, त्याच रंगाच्या सिमेंटच्या लुगदीने भरून घ्यायचे.

सीलर लावायचा तो ओटा ओतल्यापासून 28 दिवसांनी. त्याआधी रात्री ओट्यावर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. ओल कोंडली की थर दुधट होतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे हमखास घडतं. दिवाळीच्या फराळाला ओटा तयार हवा असेल, तर घाई न करता दोन महिने आधीपासून काम धरावं लागेल. साच्यात ओतून आणलेला ओटा असेल, तर खालची बाजूही सील करून घ्या. एकाच बाजूने वाळला तर तो वाकतो. डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्सशी जिथे ओटा मिळतो, तिथे व्हाइट सिमेंट न भरता सिलिकॉन भरा.

रोजच्या वापरात भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ फडकं, एवढं पुरतं. तारेची घासणी, घासायची पावडर, ॲसिड नको. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायची ती सिंकमध्ये. ओट्यावर एक तांब्या घासलात तरी तेवढ्या जागेची चमक गेली म्हणून समजा. कुकर आणि कढईखाली चुंबळ किंवा स्टँड ठेवा. काँक्रीट उष्णता सोसतं, पण सीलर सोसत नाही. लोखंडी तवा किंवा विळी ओली ठेवली की गंजाचा ठसा उमटतो, तो फार चिवट. नारळ फोडायचा तो मोरीच्या दगडावर. ओट्याची कड टवका उडाल्यावर दुरुस्त होते, पण ठिगळ दिसतंच.

तेलाचा डाग मुरला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जाडसर लगदा करा, अर्धा इंच थापा, वर प्लास्टिक ठेवून टोचून दोन-चार भोकं पाडा आणि रात्रभर राहू द्या. डाग एकदम जात नाही. दोन-तीनदा करावं लागतं. आंबटाने खाल्लेली जागा 400 नंबरच्या पॅडने पाणी घेऊन हाताने घासायची, दोन दिवस वाळू द्यायची आणि तेवढ्यापुरता सीलर लावायचा.

सीलर टिकलाय का हे पाहायला सिंकशेजारी चमचाभर पाणी सांडा आणि दहा मिनिटं थांबा. थेंब वर राहिला तर ठीक. खालचं काँक्रीट गडद झालं तर सीलर पुन्हा लावायची वेळ आली. सिंकभोवतीची जागा आधी झिजते, म्हणून संपूर्ण ओटा घासायला काढण्याआधी तिथेच सीलरचा एक हात मारून पाहा. पॉलियुरेथेनचा नवा हात लावण्याआधी जुना थर बारीक घासून खरखरीत करायला विसरू नका, नाहीतर नवा थर सोलून निघतो. आणि तो पूर्ण टणक होईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, त्या बाजूला ओली भांडी पालथी घालू नका.