फौजीचं पोस्टिंग लांब, मग मुलाचा ताबा कोणाकडे?

नमस्कार मंडळी! साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी माहितीये ना, घरोघरी फौजी असलेलं गाव. आता अशा एखाद्या घरात नवरा-बायकोचं फाटलं, केस फॅमिली कोर्टात गेली आणि नवऱ्याचं पोस्टिंग लेहला, तर बऱ्याच जणांना वाटतं की मूल गेलंच हातातून. तसं नसतं हो.

कोर्ट सगळ्यात आधी मुलाचं हित बघतं, १९५६ च्या हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप ॲक्टचं कलम १३ हेच सांगतं, आणि पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे राहतं. फील्डला, म्हणजे सीमेजवळच्या किंवा खडतर भागातल्या पोस्टिंगला, फॅमिली नेताच येत नाही, त्यामुळे तेवढ्या काळापुरता रोजच्या ताब्यासाठी भांडून फार काही हाती लागत नाही, मला विचाराल तर सगळा जोर भेटीच्या ऑर्डरवर लावा.

कारण खरी गोची तिथेच होते. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं पहिला आणि तिसरा शनिवार, कोर्टात दोन तास. आता लेहचा माणूस दोन तासांसाठी साताऱ्याला येणार कसा? म्हणून वकिलाला आधीच सांगा, शनिवार नको, सुट्टीवर आलो की सलग दिवस मूल माझ्याकडे राहू दे, मुक्कामासकट, आणि सुट्टी मंजूर झाली की समोरच्यांना लगेच कळवायचं हेही ऑर्डरमध्ये लिहून घ्या. मधल्या काळात आजी-आजोबांना नातवाला भेटता यावं, तेही मागा. आणि व्हिडिओ कॉल! २०२० मध्ये यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज ५-१० मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे. नेटवर्क नसलं तर राहिलेला कॉल दुसऱ्या दिवशी, हेही लिहून घ्या, नाहीतर त्यावरून परत भांडणं. आई फौजेत असेल तरी हेच सगळं तिनेही मागायचं.

आता तारखेला येताच आलं नाही तर? त्यासाठी १९२५ पासूनचा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आहे. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत ड्युटीवर असाल तर युनिटमार्फत सर्टिफिकेट देऊन केस थांबवता येते, आणि तुमच्या माघारी एकतर्फी निकाल लागलाच तर तो रद्द करायला अर्ज करता येतो. पण तुमच्या वतीने अधिकृत माणूस हजर असेल तर कोर्ट केस पुढे चालवू शकतं, हे लक्षात ठेवा.

आणि ताब्याची ऑर्डर कायमची नसते, परिस्थिती बदलली की ती बदलून मागता येते. पीस स्टेशन, म्हणजे फॅमिली सोबत ठेवता येईल असं शांत ठिकाणचं पोस्टिंग मिळालं, फॅमिली क्वार्टर मिळालं की त्याच आठवड्यात पोस्टिंग ऑर्डरची कॉपी वकिलाकडे पाठवा.