दाराला बाहेरून कडी नाही

(पडद्यावर चित्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

एक जुनं दार. बिजागऱ्या गंजलेल्या, उंबऱ्याशी रान माजलेलं, फळ्यांवर वेल चढलेली. कित्येक वर्षांत ते कुणी उघडलेलं दिसत नाही. बाहेर, रात्रीच्या काळोखात, कंदील घेऊन येशू उभा आहे. उजवा हात दार ठोठावतोय.

इंग्रज चित्रकार विल्यम होल्मन हंट यांचं हे चित्र १८५४ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलं गेलं. आज ते ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात आहे. आता दाराकडे नीट बघा. बाहेरून कडी नाही, मूठही नाही. उघडलं तर ते आतूनच उघडेल.

आकाश आणि पृथ्वी ज्यानं केली, तो इथे कुणीतरी 'या' म्हणेल म्हणून थांबलाय. आदम आणि हव्वेच्या एदेन बागेतही असंच होतं. फळ खाऊ नका ही आज्ञा होती, पण त्या झाडाभोवती देवानं कुंपण घातल्याचं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात नाही.

माणूस खरंच किती मोकळा, यावर चर्चमध्ये कडाक्याचे वाद झाले. १५२४ मध्ये डच विद्वान इरॅस्मसनं इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं उत्तर आलं: पापानं बांधलेली इच्छा आपण होऊन देवाकडे वळत नाही, कृपेनंच ती सुटते. पुढे रोममध्ये डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन कॅथलिक संघांचे पंडित याच प्रश्नावर वर्षानुवर्षं झुंजले. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच चर्चा थांबवली आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढं बजावलं. संयमाची तीही एक तऱ्हाच म्हणायची!

पण या दाराशी माझं एक भांडण आहे. आत कुणी कुणाचा गळा दाबत असेल, तर? तेव्हाही हा पाहुणा नुसता ठोठावतच राहणार? ज्यानं मार खाल्लाय त्याला 'देव माणसाच्या स्वातंत्र्याचा मान राखतो' हे वाक्य ऐकवायला माझी जीभ रेटत नाही.

सरळ उत्तर मला शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी सांगितलेल्या येशूच्या चरित्रांत, सापडलं नाही. सापडली ती एक रात्र.

(मशालींचा उजेड. जैतुनाची झाडं.)

गेथशेमाने, जेरुसलेमजवळची बाग. येशूला धरायला तलवारी आणि सोटे घेऊन लोक आलेत. येशूचा शिष्य पेत्र तलवार उपसतो आणि महायाजकाच्या दासाचा उजवा कान छाटतो. त्या दासाचं नाव मल्ख. ते एकटा योहान सांगतो. येशू म्हणतो, तलवार म्यानात घाल. मी मागितलं तर पिता देवदूतांच्या बारा पलटणींहून अधिक आत्ता पाठवील. रोमी पलटण म्हणजे पाचएक हजार शिपाई. हिशेब करून बघा. एवढी कुमक हाताशी असून तो ती मागत नाही.

हात मात्र पुढे करतो. लूक लिहितो, त्यानं दासाच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. धरायला आलेल्या माणसाचा कान! आणि मग त्याच हातांना दोरी बांधली जाते.

बरा झालेला कान घेऊन मल्ख त्या रात्री कुणाच्या मागे गेला, हे चारही शुभवर्तमानांत कुठेच लिहिलेलं नाही.