लाल मातीच्या कडेला कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार.

मी दूध डेअरीत हिशेब लिहिणारा माणूस. सकाळी फॅट आणि लिटर, संध्याकाळी पुन्हा फॅट आणि लिटर. पण दिवाळी सरली की आमच्या सांगली-कोल्हापूर भागात कुस्त्यांची मैदानं सुरू होतात, ती चैत्रातल्या जत्रा उरकून पार वैशाखापर्यंत चालतात. या दिवसांत सुट्टीच्या दुपारी मी डेअरीत नसतो, घरीही नसतो. खांद्यावर तिपाई, पिशवीत कॅमेरा आणि जास्तीच्या बॅटऱ्या, डोक्याला टॉवेल, आणि लाल मातीच्या कडेला मिळेल ती जागा. रात्री घरी आलो की व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचे. हे काम मला कुणी सांगितलेलं नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही. “यातनं तुला मिळतं काय?” असं घरचे विचारतात, पाहुणे विचारतात, कधी कधी मैदानातला पंचही विचारतो. आजच्या भाषणात त्याचं उत्तर जमेल तसं देतो.

पण आधी एका जुन्या हौशी माणसाची ओळख करून देतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. हे हलतं चित्र बघून सावेदादांना असं वेड लागलं की त्यांनी थेट इंग्लंडहून कॅमेरा मागवला. आता गंमत बघा. हातात कॅमेरा आल्यावर १८९९ साली या माणसानं टिपलं काय? कुस्ती! मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती लावून त्यांनी ती फिल्मवर घेतली, आणि फिल्म धुण्यासाठी बोटीनं लंडनला पाठवली. आपल्या देशात एका भारतीय माणसानं काढलेलं हे पहिलं चलच्चित्र मानतात. पुढं १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईत स्वागत झालं, तेही सावेदादांनीच टिपलं. म्हणजे आपल्याकडचा पहिला बातमीपटही त्यांचाच मानतात. ती कुस्तीची फिल्म आज बघायला मिळत नाही. त्या दोन पैलवानांची नावं उरली, पण कोण कुठल्या डावावर पडला ते गेलं. मला या गोष्टीची फार चुटपूट लागते.

तर मुद्दा हा, की मैदानी कुस्तीला कॅमेरा लावायचा तर ती पूर्ण घ्यायला हवी. सलामीपासून निकालापर्यंत, मध्ये न थांबवता. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

मोठी जोड लागली की पहिली दहा-पंधरा मिनिटं बघणाऱ्याला वाटतं काहीच होत नाहीये. दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे. खडाखडी, म्हणजे उभ्यानं एकमेकांची ताकद अजमावणं, चालू. एकानं एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय ओढायचा डाव, काढायचा प्रयत्न केला, दुसऱ्यानं पाय मागं घेतला. मग एक जण खाली, दुसरा त्याच्या पाठीवर बसून त्याला चीत करायला घिस्सा हा डाव ओढतोय, हुकतोय, पुन्हा ओढतोय. लोक ओरडतात, “सोडवा कुस्ती!” आणि अशा कंटाळ्याच्या घटकेला, पापणी लवायच्या आत, ढाक नावाचा डाव लागतो आणि पाठ मातीला! हा सगळा खेळ एका सेकंदाचा. रंग चढला की कॅमेरा सुरू करू असं म्हणणाऱ्याच्या हाती फक्त विजयी पैलवान खांद्यावर बसलेला येतो. डाव त्याला कधीच सापडत नाही.

बरं, सापडला तरी तेवढाच तुकडा कापून टाकला तर त्यातून काय कळतं? आजकाल पंधरा-वीस सेकंदांचा उभा व्हिडिओ लाखांनी बघितला जातो, आणि पूर्ण कुस्ती बघणारे त्याच्या तुलनेत मूठभर. माझी त्याबद्दल तक्रार नाही, मीही तसे तुकडे टाकतो. पण तालमीतले वस्ताद मला फोन करून विचारतात ते पूर्ण कुस्तीचं. कारण समोरचा पैलवान दमल्यावर कुठल्या पायावर भार टाकतो, त्याचा डावा हात कधी सैल पडतो, हे त्या ‘काहीच न होणाऱ्या’ दहा मिनिटांत दिसतं. शेवटचा सेकंद त्या दहा मिनिटांतूनच येतो.

आमच्या डेअरीत दूध घालायला एक बाई येतात. त्यांचा मुलगा तालमीत आहे. आमच्याकडं बायका मैदानात कुस्त्या बघायला जायची रीत फारशी नव्हती. आता बदलतंय. २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. पण गावच्या मैदानाला आई अजून क्वचितच दिसते. तर त्या बाई मला म्हणाल्या, “भाऊ, पोराची कुस्ती पूर्ण टाका. पडला असंल तरी टाका.” मी टाकली. दुसऱ्या दिवशी त्या बोलल्या त्यात डावाचं अक्षर नव्हतं. पोरगं मातीला पाया पडून आत उतरलं का, कुस्ती झाल्यावर त्याला पाणी कुणी दिलं, खांद्याला हात लावून तो का चालत होता, हे सगळं त्यांनी बघून ठेवलं होतं. चित्राच्या कडेला, माझं लक्षही नव्हतं अशा जागी! तेव्हापासून मी चौकट जरा मोकळी ठेवतो. पैलवान मोठे दिसावेत म्हणून फार जवळ जात नाही. कडेला बसलेली म्हातारी माणसं, हलगीवाले, पाण्याची कळशी घेऊन पळणारं पोर, सगळं आत राहू देतो.

आता थोडं हत्यारांविषयी. महागडा कॅमेरा लागतोच असं नाही, चांगला मोबाइलही पुरतो. पण त्याला मोकळा सोडू नका. मोबाइल आपल्या मनानं फोकस बदलतो, आणि नेमक्या वेळी समोरून जाणाऱ्या पंचाच्या पाठीवर जाऊन बसतो. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही जागच्या जागी अडकतात. तेवढं करा. उन्हाकडं पाठ करून बसा. दुपारी जागा धरताना सूर्य संध्याकाळी कुठं जाणार आहे ते बघा. मैदान उशिरापर्यंत चालतं, शेवटच्या मोठ्या कुस्त्या तर दिव्यांच्या उजेडात होतात. तेव्हा चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. पुष्कळांना वाटतं कॅमेरा बिघडला. तसं नसतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, आणि मोबाइल मात्र सेकंदाला ३० फ्रेमच्या, म्हणजे ३० चित्रांच्या, हिशेबानं चालतो. दोघांचा ताल जुळत नाही. सेटिंगमध्ये २५ किंवा ५० फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या, शटर सेकंदाच्या एक-पन्नासांश किंवा एक-शतांश ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात. चैत्राच्या उन्हात मोबाइल तापून आपोआप बंद पडतो, म्हणून त्याच्यावर सावली धरा. आणि फोर के, म्हणजे जास्तीत जास्त बारीक चित्र, हवंच म्हणून हटून बसू नका. त्यात मिनिटाला तीन-चारशे एमबी सहज जातात आणि मुख्य कुस्तीच्या वेळी मेमरी संपते.

आवाजाविषयी मात्र मला जरा जास्त बोलायचंय, रेडिओवर आहे म्हणूनही. मैदानाचा आवाज हीच अर्धी कुस्ती असते. हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं, निवेदकाचं “आरं बघा बघा, पट काढला!”, आणि डाव लागल्यावर उठणारी ती एकच आरोळी. पण कर्ण्याच्या समोर बसलात तर हे सगळं फाटक्या आवाजात येतं. कर्ण्याच्या बाजूला, जरा मागं बसा. माइकवर केसाळ टोपरं घाला म्हणजे वारा घुसत नाही. मोबाइल हलगीच्या ठोक्याला आवाज दाबतो आणि शांततेत वाढवतो, त्यामुळं ऐकताना दम लागल्यासारखं वाटतं. आवाजाची पातळी हातानं ठरवायची सोय असेल तर तीच वापरा. आणि कृपा करून त्यावर सिनेमाचं गाणं चिकटवू नका. एक तर गाण्याच्या हक्काचा दावा येतो. दुसरं म्हणजे खऱ्या हलगीवर ते गाणं घालायची गरज काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

कोल्हापूरचं खासबाग मैदान बघितलंय का तुम्ही? शाहू महाराजांनी १९१२ साली ते पूर्ण करून घेतलं. आखाडा मधे आणि बसायची जागा चहूबाजूंनी चढती, त्यामुळं मागच्या माणसालाही माती दिसते. कॅमेरावाल्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. आमच्या गावच्या मैदानात मात्र ओढ्याकाठची सपाट जमीन, आणि रंगात आलेल्या कुस्तीला पुढचे सगळे उठून उभे राहतात. “ओ पाहुणं, बसा की खाली!” हा माझा स्वतःचा आवाज माझ्या कितीतरी व्हिडिओंत आहे. तो मी काढून टाकत नाही.

दुपारी पहिल्यांदा लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्या किंवा नारळाच्या बक्षिसावर. तेव्हा बाकीचे कॅमेरेवाले चहाला गेलेले असतात. मी त्या घेतो. पण पोराच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ऑनलाइन टाकत नाही. कुणाला दुखापत झाली तर कॅमेरा बंद करतो. आणि हरलेल्याचं नाव घेऊन “धूळ चारली”, “लोळवलं” असली शीर्षकं देत नाही. ती दिली की बघणारे वाढतात हे मला माहीत आहे. पण पुढच्या आठवड्यात तोच पोरगा मला मैदानात भेटणार असतो.

पैशाचं विचारतात म्हणून सांगतो. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळवायचा एक मार्ग म्हणजे एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं असणं. हा टप्पा गाठणारे कुस्तीचे चॅनेल आपल्या भागात आहेत, काहींचं घर त्यावर चालतं, त्यांचं कौतुक आहे. मला मात्र पगार डेअरीचा मिळतो, त्यामुळं कुठली कुस्ती जास्त बघितली जाईल याचा विचार न करता मी पहिल्या रेवडीपासून बसू शकतो. हौशी माणसाला वेळेची ही चैन परवडते. पूर्वी तीही नव्हती. हौशी लोकांच्या जुन्या कॅमेऱ्यातलं सुपर एट फिल्मचं पन्नास फुटी रीळ तीन मिनिटं वीस सेकंदांत संपायचं. त्यात कुणी वीस मिनिटांची खडाखडी घेतली असती? १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या उमेदीतल्या गावाकडच्या मैदानातली एखादी अख्खी कुस्ती बघायला मिळाली असती तर मी डेअरीची रजा काढून बघितली असती.

आणि म्हणून श्रोतेहो, जाता जाता एक विनंती. तुमच्या घरातल्या कपाटात जुन्या व्हीएचएस, हँडीकॅमच्या कॅसेट असतील. लग्नाच्या, जत्रेच्या, कदाचित एखाद्या मैदानाच्याही. चुंबकीय फीत वर्षांगणिक खराब होत जाते, बुरशी धरते. ती वाजवणारी यंत्रंही आता नवी मिळत नाहीत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीनं २०१६ साली उत्पादन थांबवलं. चालणारा व्हीसीआर असलेला दुकानदार अजून तालुक्याला सापडतो, तोवर त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मूळ फाइल दोन जागी ठेवा. यूट्यूबवर चढवलं म्हणजे जपलं असं समजू नका, तिथं चित्र दाबून लहान केलेलं असतं. आणि फाइलला नाव देताना नुसतं ‘कुस्ती १’ लिहू नका. तारीख, गाव, कुठली जत्रा, दोन्ही पैलवान, त्यांची तालीम आणि वस्ताद, एवढं लिहाच. आमच्या भागात एकाच नावाचे पैलवान पाच गावांत असतात.

धन्यवाद.