बोटभर शिपायाचं ऊन

(मॉडेल मेकिंगच्या मेळाव्यात, नागपूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आम्ही बोटभर शिपाई रंगवतो. सकाळपासून आमच्या टेबलापाशी एकच प्रश्न येऊन राहिला आहे, "काका, डोळे फुटत नाहीत का हो तुमचे?" नाही फुटत. भिंग आहे, दिवा आहे, आणि चष्मा तर या वयात सगळ्यांनाच लागतो. पण या प्रश्नामागची समजूत अशी, की बारीक ब्रशनं बारीक जागा भरत बसलं की झालं. तसं नाही, एवढंच सांगायला उभा आहे.

यंदा आमच्या क्लबनं सीताबर्डीची लढाई मांडली आहे. 1817, नोव्हेंबरची 26 आणि 27 तारीख. आपण त्या टेकडीखालून रोज स्कूटर नेतो, वर बघत नाही. 27 च्या सकाळी नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली आणि पुढे इंग्रजांनी ती परत घेतली. आम्ही मधला तेवढा वेळच मांडला आहे. नागपूरकर आहोत, थोडा पक्षपात चालायचाच.

टेकडीवरचे शिपाई 1:72 चे, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे. म्हणजे पावणेसहा फुटी गडी इथे जेमतेम 24 मिलिमीटर. आता बघा, खरा माणूस उन्हात उभा राहिला की पागोट्याची सावली कपाळावर पडते, नाकाची ओठावर. 24 मिलिमीटरच्या शिपायाचं नाक मोहरीएवढंही नाही. त्यावर हॉलची ट्यूबलाइट पडली की उजेड सगळीकडे सारखाच पसरतो, सावली म्हणावी अशी दिसतच नाही. तुम्ही कितीही अचूक रंग भरा, दोन हातांवरून तो मातीचा गोळाच दिसतो. म्हणून आम्ही कोट रंगवत नाही, कोटावर पडलेलं ऊन रंगवतो. सावलीही आपणच घालायची.

सुरुवात सोपी आहे. आधी सगळ्या शिपायावर काळा प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, मारायचा. तो वाळला की पांढरा, पण फक्त वरून, डोक्याच्या दिशेनं. पांढरा जिथे बसला तिथे ऊन, काळा उरला तिथे सावली. याला झेनिथल म्हणतात. खरा रंग लागायच्या आधीच शिपाई उन्हात उभा राहिलेला दिसतो. त्यावर रंग पातळ हवा, दुधासारखा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे, नाहीतर कोटाची बटणं बुजतात.

कोटावरून आठवलं. इंग्रजांकडच्या मद्रासी पलटणींचे कोट लाल. लालाइतका त्रास कोणताच रंग देत नाही. बाटलीतला लाल तसाच लावला तर एवढ्याशा अंगावर तो काळपट दिसतो. वस्तू लहान तसा रंग उजळ लागतो. मग उजळायला आम्ही पांढरा मिसळला. पलटण गुलाबी झाली, वरातीतलं बँडपथकच! आता उजेडासाठी नारिंगी आणि किंचित कातडीचा रंग घालतो. सावलीसाठी काळा नाही, लालातच थेंबभर गडद हिरवा. करून बघा, विश्वास बसणार नाही.

पुढच्या पेटीत एकटा अरब आहे, तो 54 मिलिमीटरचा, म्हणजे 1:32. त्याचा डोळा एक मिलिमीटरच्याही आत. चितार ओळीत गेलात तर मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटी करतात, सगळी मूर्ती तयार झाल्यावर. आम्ही उलटे. डोळे आधी, म्हणजे रंग बाहेर गेला तर भोवतीच्या कातडीच्या रंगानं सावरून घेता येतं. चितार ओळीतला कारागीर हसेल. त्याचा हात चुकत नाही, आमचा चुकतो. बुबुळ मध्यभागी ठेवलं की शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो. म्हणून ते वरच्या पापणीला टेकवायचं आणि नजर जरा बाजूला न्यायची.

यासाठी सगळ्यात बारीक ब्रश घेऊ नका. तीन शून्यांच्या ब्रशवर रंग इतका कमी बसतो, की डोळ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो. शून्य किंवा एक नंबर, पोट भरलेला आणि टोक सुईसारखं. आणि आपल्याकडचा मे महिना! ॲक्रिलिक प्लेटवरच सुकतं. त्यावर उपाय घरातच आहे: झाकणाचा डबा, ओला स्पंज, वर बटर पेपर, रंग त्या कागदावर काढायचा. मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे मारलात तर प्रायमर हवेतच वाळतो आणि शिपायाच्या अंगावर सँडपेपर चढतो. पहाटे सहाला मारा. पावसाळ्यात वेगळंच, दमट हवेत वार्निश पांढरट पडतं.

गेल्या वर्षी आम्ही सगळं खोक्यात, दुतर्फी टेपवर चिकटवून ऑटोनं आणलं. एका स्पीडब्रेकरला अकरा भाले गेले. तेव्हापासून शिपायाच्या पायाखालच्या बैठकीला चुंबक आणि खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा हलवला तरी कोणी पडत नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर सरावासाठी प्रायमर मारलेले आठ शिपाई ठेवले आहेत. तान्ह्या पोळ्याला बैल रंगवलेल्या पोरांनी आधी यावं, मोठ्यांनी नंतर. रंग तयार आहे, ब्रशही आहेत. फक्त टोक काढायला ब्रश तोंडात घालू नका. तो चहाचा कप नव्हे, ब्रश धुवायचं पाणी आहे, तेही पिऊ नका. मागच्या वेळी मी प्यालो होतो.