सुट्टीनंतरचा पहिला आठवडा

मंडळी, सुट्टी संपवून कामावर आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सगळे विचारतात, "काय, ताजेतवाने झालात ना?" तो हो म्हणतो आणि ते खरंही असतं. पण आठवडा सरता सरता तो पुन्हा पहिल्यासारखाच थकलेला दिसतो. मग तो स्वतःलाच बोल लावतो: आपल्याला शिस्त नाही, आपलं कामात मन नाही. हा दोष त्याचा नाही, हे मला आज आधी सांगायचं आहे. सुट्टीचा परिणाम ओसरतोच. तो लवकर ओसरतो की सावकाश, हे मात्र बऱ्याच अंशी परतल्यानंतरच्या दिवसांवर ठरतं. आपण सुट्टीची आखणी महिनोन्महिने करतो आणि या दिवसांची अजिबात करत नाही.

मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या संशोधकांनी १९९७ साली कर्मचाऱ्यांचा ताण सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि नंतर मोजला. सुट्टीत तो उतरला. कामावर आल्यावर तीनच दिवसांत तो पुन्हा चढू लागलेला होता आणि तीन आठवड्यांनी होता तिथे पोचला. पुढे जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी लांब सुट्ट्यांचा अभ्यास केला. त्या सरासरी २३ दिवसांच्या होत्या. लोकांना सगळ्यात बरं वाटलं ते साधारण आठव्या दिवशी, आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो फायदा मावळला. म्हणजे सुट्टी लांबवली म्हणून ती जास्त पुरते, असं नाही.

मग काय पुरतं? याना क्यूनेल आणि झाबीने झोनेनटाग यांनी २०११ मध्ये शिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्टीनंतर शिक्षकांचा उत्साह वाढलेला होता, पण महिन्याभरात तो विरला. ज्यांच्यावर परतल्याबरोबर कामाचा बोजा पडला, त्यांचा लवकर विरला. ज्यांना कामानंतरच्या वेळात खरी विश्रांती मिळाली, त्यांचा जास्त टिकला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ती रोजच्या संध्याकाळीबद्दल आहे, आणि संध्याकाळ प्रत्येकाला असते. आपण मात्र परतल्यावर नेमकं उलट करतो. साचलेलं काम उपसायला पहिल्याच आठवड्यात रात्री उशिरापर्यंत बसतो.

साचलेल्या कामाचा त्रास कामापेक्षा त्याच्या विचाराने जास्त होतो. अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांना १९२७ मध्ये आढळलं होतं, पुढच्या सगळ्या प्रयोगांत मात्र तसं दिसलं नाही. पण २०११ मधल्या मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या प्रयोगांतून आणखी एक दिलासा मिळाला: काम पुरं झालं नसलं, तरी ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं की मनातली टोचणी कमी होते. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्या ईमेलना उत्तरं देण्याचा हट्ट नको. काय कधी करायचं एवढं लिहून काढा आणि वेळेवर घरी जा.

इथे वरिष्ठांनाही माझं सांगणं आहे. जर्मनीतल्या डायमलर कंपनीने कर्मचाऱ्यांना एक सोय दिली होती, २०१४ मध्ये तिची बरीच चर्चा झाली. रजेवरच्या माणसाला आलेली ईमेल आपोआप पुसली जायची आणि पाठवणाऱ्याला पर्यायी माणसाचं नाव कळवलं जायचं. सगळ्यांना हे जमणार नाही. पण परतणाऱ्याच्या पहिल्या दिवशी बैठका न लावणं कोणत्याही कार्यालयाला जमतं.

झोपेचंही सांगतो. आपल्या शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपण्याची सवय सुट्टीत पटकन लागते, लवकर उठण्याची मात्र सावकाश येते. सकाळचा उजेड त्या घड्याळाला लवकरच्या वेळेकडे ओढतो, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येतात. शक्य असेल तर कामावर जायच्या दोन-तीन दिवस आधीपासून लवकर उठून बाहेर पडावं.

आणि घराकडे बघा. प्रवासातून आल्यावर बॅगा, कपड्यांचा ढीग, रिकामा फ्रिज, मुलांची दप्तरं, हे सगळं बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या अंगावर पडतं, आणि बहुतेकदा ती बाईच असते. तिची सुट्टी दारात पाऊल ठेवताक्षणी संपते. तिच्या वाट्याला तो पहिला ताजा दिवससुद्धा येत नाही. कार्यालयातल्या बोजाबद्दल आपण निदान बोलतो, याबद्दल बोलत नाही. कोण कपडे धुणार, कोण सामान आणणार, कोण मुलांची तयारी करणार, हे परतीच्या वाटेवरच वाटून घ्या. आणि ती वाटणी तिने करून द्यावी, अशी अपेक्षा ठेवू नका.